साच्यात न मावलेला झाखार

तीर्थरूप ग्लाफिरामावशीस,

झाखारचा लांबूनच साष्टांग नमस्कार (जवळ येऊन घालायला तोंड राहिलेलं नाही). तुझे गुडघे कसे आहेत? शेळी दूध देते ना? मी इथे ठणठणीत आहे, आणि खरं सांगायचं तर या ठणठणीतपणानेच घात केला.

मी अंतराळात जात नाही हे तुला माझ्याकडून न कळता पेपरातून कळलं, ही पहिली लाज. सहा वर्षं यंत्रात गरागरा फिरवून घेतलं, बर्फात तीन दिवस जंगलात राहिलो, आणि ऐन वेळी बैठकीच्या साच्यात मावलो नाही! हा साचा म्हणजे काय ते ऐक. आम्हाला पांढऱ्या अंतर्वस्त्रांत कालवलेल्या प्लास्टरच्या टबात बसवतात, आणि पाठीचा जो ठसा उमटेल त्याबरहुकूम यानातली बैठक घडवतात. (माझ्या पार्श्वभागाची इतकी गंभीर चर्चा याआधी कधी झाली नव्हती.) वर जाणं एक वेळ जमतं ग, उतरणं अवघड. यान माळावर टेकतं तेव्हा मागून ट्रकने ठोकरल्यासारखा दणका बसतो. पाठ साच्यात चपखल नसेल तर मणक्याचा चुरा.

तर शेवटच्या तपासणीला साच्यांवर देखरेख करणाऱ्या राइसा पाव्हलोव्हना हजर. वय पासष्ट, जिभेला हाड नाही. मी बसायला गेलो तर खांदे वर, कंबर बाहेर. बाईंनी माझ्या कुशीत पेन्सिल खुपसली. "काय रे झाखार, साचा तुझाच ना, की धाकट्या भावाचा उचलून आणलास?" मी श्वास रोखला. "श्वास काय रोखतोस, हाडं का आत जाणारेत?" सगळा हॉल हसला. चार महिन्यांत नऊ किलो! नवा साचा करायला वेळ नव्हता, म्हणून माझ्या जागी माझ्या खोलीतला तिमोफेय जाणार.

समितीने विचारलं, एवढं वाढलं कसं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गावाहून मावशी भट्टीत भाजलेले, कोबीचं सारण भरलेले पिरोग पाठवते." झालं! कुणीतरी ते पेपरवाल्यांच्या कानावर घातलं आणि तुमच्या जिल्ह्याच्या पेपरात तुझा फोटो आला. दुकानात न्यूरा सगळ्यांदेखत म्हणाली म्हणे, "नको ग बाई ग्लाफिरा तुझे पिरोग, मला बाकावर मावायचंय." (हे पोस्टातल्या स्तेपानने कळवलं.) तू मात्र पत्रात एवढंच लिहिलंस, की गुडघे दुखतात म्हणून भट्टी पेटवणं सोडलंय. ते वाचून मी दिवसभर कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. तरी तू मनाला लावून घेऊ नकोस. लोक चार दिवस बोलतात नि विसरतात.

तुझा,
झाखार

ता. क. वरची शेवटची दोन वाक्यं परत वाचली आणि माझीच मला शिसारी आली. मावशी, तुझा एकही पिरोग माझ्या पोटात गेलेला नाही. सगळे डबे तिमोफेयने फस्त केले, आणि तो मेला आजही आपल्या साच्यात बोटात अंगठी बसावी तसा बसतो.

ता. ता. क. नऊ किलो मी खानावळीत चढवले. रोज तीन ताटं मॅकरोनी, मुद्दाम. फेब्रुवारीत उतरण्याच्या दणक्याची चाचणी झाली, तेव्हापासून ती बैठक नुसती दिसली तरी मी वाट बदलतो. "मला भीती वाटते" एवढे तीन शब्द समितीपुढे उच्चारवले नाहीत. तुझं नाव मात्र घेववलं.

आणखी एक. आज समितीला सगळं लेखी दिलं, पेपरालाही पाठवलं, शुक्रवारी छापतील. तुला ते न्यूराच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र आधी टाकतोय. शनिवारच्या बसने येतो. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस. पण घरात असशील ना?