शिडीच्या खिशातले परमिट

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, वीज कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रातून निवृत्त झालेला सुरक्षा प्रशिक्षक, हल्ली मुक्काम लेकीच्या सासरी, मागची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कमरेखालचे अंग गेल्या वर्षापासून माझे ऐकत नाही, पण मृत्युपत्राला पाय लागत नाहीत. कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही, असे इथे लिहायची पद्धत आहे. ते मला लिहिता येत नाही. दडपण आहे, आणि ते भिंतीपलीकडच्या खोलीत दुपारची झोप घेत आहे. माझे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे. ते उठायच्या आत जमेल तेवढे रोज लिहितो.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे दोन खोल्यांचे घर, चौथा मजला, लिफ्ट नाही, हे माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावे. तिची आई गेल्यावर नऊ वर्षे मी तिथे एकटा राहिलो आणि दूध उतू जाण्यापलीकडे कसलाही अपघात होऊ दिला नाही. तिने ते भाड्याने द्यावे, बंद ठेवावे, काहीही करावे. फक्त विकू नये. बाईमाणसाला वेळप्रसंगी निघून जायला स्वतःचे एक दार असावे. हे मी तिच्या लग्नाच्या वेळीच बोलायला हवे होते.

जावयाविषयी माझी तक्रार नाही. तो बापावर गेलेला नाही.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही लेकीचेच. वर्षभर तीच मला दर तीन तासांनी कुशीवर वळवते. पाठ सोलू नये म्हणून वळवावे लागते, मला आपण होऊन वळता येत नाही. एकदाही तिने कपाळाला आठी घातलेली नाही. तिने आठी घातली असती तर बरे झाले असते, असे हे लिहिताना वाटते.

कलम ३. हत्यारे. माझी मोठी पक्कड प्रशिक्षण केंद्राला द्यावी. तिच्या मुठीवरचे रबर मी तीनदा बदलले आहे, चौथ्यांदा त्यांनी बदलावे. टेस्टर माझ्या घराखालच्या शिंप्याला द्यावा. हा गृहस्थ जिन्यातल्या दिव्यातून वायर ओढून इस्त्री चालवतो आणि विचारले की म्हणतो, 'काका, आजवर काही झालंय का?' आजवर काही झाले नाही, असे म्हणणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. त्याने निदान आधी टेस्टर लावावा आणि मग हात.

माझा सेफ्टी बेल्ट मात्र कोणालाही देऊ नये. कात्रीने त्याचे चार तुकडे करावेत. जुना बेल्ट दिसायला ठणठणीत असतो आणि नेमका वर गेल्यावर सोडतो. फुकट जातो म्हणून ज्याचा जीव तुटेल, त्याने आधी तो स्वतःच्या मुलाला बांधून बघावा.

कलम ४. रबरी हातमोज्यांची एक जोडी आहे. ती केंद्राच्या स्टोअरकीपरला पोचती करावी, तो हयात असेल तर. मोज्याचे तोंड गुंडाळून आत हवा कोंडायची आणि कानाशी धरायचे, भोक असेल तर बारीक शीळ ऐकू येते, हे मी पहिल्या दिवशी शिकवत असे. या जोडीची शीळ पलीकडच्या बाकापर्यंत ऐकू गेली होती. मी ती परत करायला गेलो तर हा म्हणाला, 'साहेब, वर्गात दाखवायलाच तर हवेत. तुम्ही कुठे खांबावर चढताय?' ते बोलणे मी अजून विसरलेलो नाही. त्याने ते घालून बागेतले गुलाब तोडावेत.

कलम ५. माझी धड्यांची वही केंद्रातच आहे. तिच्यातला धडा तीन फाडून टाकावा. तो मी लिहिला, एकोणीस वर्षे शिकवला, आणि तो खोटा आहे.

धडा तीन आमच्या शिडीचा. शिडी म्हणजे आमच्या हाताखालचा लाइनमन. अंगाने एवढा उंच, की त्याच्याशेजारी खांब बुटका दिसे. तेहेतीस वर्षांपूर्वी मी लाइन इन्स्पेक्टर होतो आणि आजचे माझे व्याही सबस्टेशनवर ऑपरेटर होते. आमच्या धंद्यात एक कागद असतो, परमिट. लाइन बंद केली आहे, चढायला हरकत नाही, असे ऑपरेटर लिहून देतो. ज्याच्या नावाचे परमिट, त्याने ते खिशात घालून चढायचे आणि काम संपले की स्वतः नेऊन परत करायचे. त्याच्या वतीने साहेबाने नाही, सख्ख्या भावाने नाही, कोणीही परत करायचे नाही. फोनवर तर नाहीच. कागद हातात आला की मगच ऑपरेटर लाइन चालू करणार. त्या एका कागदाच्या भरवशावर आमची माणसे संध्याकाळी घरी जातात.

त्या दिवशी कारखान्याची लाइन बंद होती. शिडीच्या जोडीला दुसरा माणूस द्यायला हवा होता, तो मी दिला नव्हता. कारखान्याचा मॅनेजर सकाळपासून माझ्या डोक्यावर बसला होता. त्याच्या कचेरीच्या खिडकीतून मला शिडी दिसला. तो खाली उतरला होता आणि अर्थिंग काढून गुंडाळत होता. अर्थिंग म्हणजे चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी म्हणून लावलेली तार. ती काढली म्हणजे काम संपले. सबस्टेशन चार किलोमीटरवर, शिडी सायकलवाला. अजून अर्धा तास गेला असता. मी टेबलावरचा फोन उचलला.

'काम झालं. लाइन सोड.'

'परमिट?'

'येतंय रे मागून. माणूस समोर आहे माझ्या.'

'खाली आहे ना?'

'खालीच आहे. सोड तू.'

तेव्हा तो खरोखरच खाली होता. मी फोन ठेवला आणि मॅनेजरने पुढे केलेले पाणी प्यायलो. तेवढ्यात वरची एखादी तार नीट आवळलेली नाही, असे शिडीच्या नजरेला आले असावे. दोन मिनिटांचे काम. परमिट आपल्या खिशात आहे म्हणजे लाइन बंद आहे, हे त्याला मीच शिकवले होते. तो पुन्हा चढला. अर्थिंग पुन्हा लावले नाही, ही त्याची चूक. ती एवढी एकच गोष्ट खरी होती आणि तिच्या आडोशाला आम्ही दोघे लपलो.

त्याच्यापाशी सर्वांत आधी मी पोचलो. शर्टाच्या खिशातून परमिट मी काढून घेतले. ऑपरेटरने नोंदवहीत 'परमिट प्रत्यक्ष परत' असे लिहून वेळ मागची टाकली आणि त्यापुढे शिडीची सही मी केली. चौकशीच्या अहवालात आले, की कामगार परमिट परत करून आला आणि अर्थिंग न लावता, आपल्या मर्जीने, चालू लाइनवर चढला. अपघात जवळून पाहिलेला माणूस चांगले शिकवील, असे वरिष्ठांचे मत पडले आणि मला प्रशिक्षण केंद्रात धाडले. मी चांगलेच शिकवले. इतके, की अर्थिंगशिवाय चढण्याला पोरांनी नावच पाडले. 'ए, शिडी करू नको,' असे आजही खांबाखालून ओरडतात.

गुपित दोघांत असले की दोघे एकमेकांना सोडत नाहीत. चार लोकांत भेटलो की तो माझ्याकडे बघे आणि मी त्याच्याकडे. आठ वर्षांनी त्याने आपल्या मुलासाठी माझ्या लेकीला मागणी घातली. नाही म्हणायला कारण होते, पण ते सांगता येणारे नव्हते. त्या दिवसापासून आमचे अरे-तुरे संपले आणि अहो-जाहो सुरू झाले. आता रोज चार वाजता आम्ही एकत्र चहा घेतो. साखर पुरे का, असे ते विचारतात. दार वाऱ्याने आपटते म्हणून जाताना बाहेरून कडी लावतात. तेहेतीस वर्षांत त्यांनी मला धमकी म्हणून दिलेली नाही. गरजच पडली नाही.

आणि मग शिडीची मुलगी माझ्या वर्गात आली. बाप गेला तेव्हा चार वर्षांची होती, आता वीस वर्षांची उमेदवार होऊन दुसऱ्या बाकावर बसली होती. धडा तीन गाळता येईना, परीक्षेत त्यावर प्रश्न असतो. मी तो फळ्याकडे तोंड करून शिकवला. तास संपल्यावर ती म्हणाली, 'सर, परमिट परत केलं होतं, हे नक्की?'

'नोंदवहीत सही आहे.'

'बरं,' म्हणाली आणि वही मिटून गेली. त्या 'बरं'ला आज सतरा वर्षे झाली. सध्या केंद्रात माझ्या जागेवर तीच शिकवते, माझ्याच वहीतून, धडा तीन धरून. आपल्या बापाची चूक ती दर बॅचला शब्द न बदलता सांगते.

कलम ६. ते परमिट माझ्या पलंगाखालच्या लोखंडी पेटीत, कपड्यांच्या तळाशी आहे. ते माझ्या मृत्यूनंतर शिडीच्या मुलीला द्यावे. मृत्यूनंतर अशासाठी, की जिवंत आहे तोवर मला याच घरात पडून राहायचे आहे आणि लेकीलाही याच घरात नांदायचे आहे. हा भित्रेपणा आहे. मला दुसरे काही सुचले नाही.

यापुढचा मजकूर आज शुक्रवारी जोडत आहे.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही होताना बघितली की पुरे, असे वकिलाने सांगितले होते. म्हणून मी शिडीच्या मुलीलाच बोलावून घेतले. तिच्यासमोर सही व्हावी आणि तिला काही कळू नये, असा माझा बेत. जन्मभर केले तेच. मजकुरावर हात ठेवून मी म्हटले, 'इथे सही कर, बाळ.'

'वाचते आधी.'

'वाचायची गरज नाही लागत.'

'सर, न वाचता सही केली की तुम्ही वर्गाबाहेर काढायचात.'

तिने माझा हात उचलून बाजूला ठेवला आणि खिडकीशी उभी राहून सगळे वाचले. मग पलंगाखालून पेटी ओढली, कपडे एकेक करून बाजूला ठेवले आणि परमिट काढले. बापाचे नाव तिने बोटाने वाचले. रडली नाही. मी रडलो.

'मृत्यूनंतर म्हणजे सर, साधारण कधी?'

टोमणा नव्हता. गाडीची वेळ विचारावी तसे विचारले.

'सोमवारी नवी बॅच येतेय,' ती म्हणाली. 'चाळीस जण आहेत. तुम्ही जाईपर्यंत माझ्या बापाला मी अजून किती बॅचसमोर उभं करू?'

लेक चहा घेऊन दारात आली होती. किती वेळ उभी होती, ठाऊक नाही. शिडीच्या मुलीने कागद तिच्यापुढे धरले. 'ताई, तुम्हीही वाचा.' लेकीने ट्रे पेटीवर ठेवला आणि वाचले. शेवटचे पान उलटून झाल्यावर म्हणाली, 'बाबा, माझं लग्न यातून ठरलं?'

'यातूनच.'

आवाजाने व्याही उठून आले. लेकीने त्यांच्याही हाती कागद दिले. पहिल्या पानावरच त्यांनी चष्मा काढला. 'पाय गेले, आता डोकंही गेलं ह्यांचं,' असे तिला म्हणाले आणि आपल्या खोलीत जाऊन आतून दार लावून घेतले.

'पेन द्या,' लेक म्हणाली.

'ताई, वारसाने साक्षीदार व्हायचं नसतं. कच्चं पडेल हे.'

'पडू दे कच्चं. कोणी वाचलंच नव्हतं, असं तरी पुढे कोणाला म्हणता येणार नाही.'

मी दोघींच्या देखत सही केली. दोघींनी माझ्या देखत केल्या. शिडीच्या मुलीने परमिट घडी न घालता वहीत ठेवले. 'हे मी आजच नेतेय, सर.' मी 'ने' म्हटले. सबब कलम सहा रद्द समजावे, ती वस्तू आता माझी नाही. कलम पाचही रद्द. धडा तीन फाडायचा की नव्याने लिहायचा, हे तीच ठरवील.

ती गेली. जावई सहाला येईल. त्याला कोणी आणि काय सांगायचे, ते मला आणि लेकीला, दोघांनाही सुचलेले नाही. माझी वेळ झाली होती म्हणून लेकीने पाठीखाली हात घालून मला कुशीवर वळवले. रोज या वेळी ती मला दाराकडे तोंड करून वळवते. आज भिंतीकडे वळवले. उरलेल्या या चार ओळी मी तसाच पडून लिहिल्या आहेत.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिली: (सही) शिडीची मुलगी, सुरक्षा प्रशिक्षक. पूर्ण वाचून.

साक्षीदार दुसरी: (सही) मृत्युपत्र करणाराची लेक, या घरची सून. पूर्ण वाचून.

ठिकाण: मागची खोली. वार शुक्रवार, दुपारचे पावणेपाच.