छबुबाईची घागर

२ एप्रिल
संकल्प : यंदा जिल्हा परिषदेचं तिकीट आणायचंच. योगही जुळलाय. आपल्या नांदूरघाटच्या त्रिंबक गुरुजींची प्रियदर्शनी, कॅनडात मंत्री झालेली, माहेरी येतेय. टँकर थांबतो त्या चौकात सत्कार ठेवू. तिच्याशेजारी माझा फोटो आला की तिकीट खिशात.

५ एप्रिल
चौक पाहिला. टँकरसाठी घागरींची रांग. त्यात छबुबाईची पोचा पडलेली घागर. टँकर आला नाही म्हणून पाणी शेंदायला गेलेली छबुबाई विहिरीत पडून गेली, त्याला वर्षं झाली. तिचा नवरा नाथा, मेंढरं राखतो, अजून तिचा नंबर लावतो. पाळी आली की घागर रिकामीच उचलून शेवटी ठेवतो. माझ्याकडे बघत नाही.
त्या दिवशी टँकर माझ्या मोसंबीला गेला होता, हे खरं. पण मी तेव्हा पंचायत समितीचा सभापती होतो, ड्रायव्हर नव्हतो. आणि मोसंबीलाही जीव असतो.

८ एप्रिल
घोळ. प्रियदर्शनीचा राजीनामा. मतदारसंघात वणवा पेटला तेव्हा बाई समुद्रावर सुटीला, आणि सांगितलं ऑफिसात आहे. पेपरात फोटो आला. तिकडं कुणी मेलंसुद्धा नाही! साखराबाईला म्हटलं, पोरगी कच्ची निघाली. बायको असून ती हो म्हणाली नाही. फ्लेक्सवर 'माजी' चिकटवून घेतलं.

९ एप्रिल
स्टेजसमोर ती घागर बरी दिसत नाही. हनुमानला हलवायला सांगितलं. म्हणाला, कंबर धरलीय. बजरंगचीही धरलीय. कार्यकर्त्यांनी व्यायाम करायला हवा.

११ एप्रिल
तांब्या तोंडाला लावला की आत कुणीतरी खोल बोलल्यासारखं वाटतं. पाणी उतरत नाही. भीती वाटते. ॲसिडिटी असावी.

१३ एप्रिल
सत्कार. प्रियदर्शनी स्टेजवर चढलीच नाही. रांगेतल्या बायांजवळ बसली, सगळं ऐकलं. मग येऊन हळूच म्हणाली, "तात्या, तुमी कावून राजीनामा दिला न्हाई?"
कुणी मागितलाच नव्हता, असं सांगितलं. माईक चालू होता. संध्याकाळी कळलं, तिकीट आमच्याच पक्षातल्या अजिनाथला.

१४ एप्रिल
विषय मिटवायचा म्हणून स्वतः ती घागर टँकरवर भरली. नाथानं पाणी मेंढरांपुढं ओतलं.
"साहेब, तुमच्या हातचं नगं. तिचा नंबर यायचा हाय अजून."
घागर पुन्हा शेवटी ठेवली.
घरी येऊन पाणी मागितलं. बोअर सकाळीच आटलाय. साखराबाईनं कळशी हातात दिली अन् चौकाकडं बोट केलं.
माझी कळशी छबुबाईच्या मागं लागलीय.