नोंद न झालेले अकरा फोन

प्रिय पिन-रोंग,

तू पाठवलेली सुकी माकूल मासळी पोचली. दरवर्षी सोबत चिठ्ठी असते, या वेळी नव्हती. तू माझ्यावर चिडलेली नसावीस, अजून तरी. गुरुवारी समितीपुढे तुझी सुनावणी आहे आणि तुझी परिचारिकेची नोकरी जाऊ शकते, हे तुझ्या आईकडून कळलं. "चार वर्षं एकटीनं बेटावरचा दवाखाना सांभाळला, आणि आता आमचीच पोर खोटारडी," असं म्हणाल्या. मग त्याच दमात माझं लग्न कुठवर आलं तेही विचारलं. मी म्हटलं, आहे तिथेच आहे.

आधी मला जे ठाऊक आहे ते क्रमानं लिहिते. वादळात मोबाईलचा मनोरा पडला होता. दवाखान्यात फक्त उपग्रहावरून चालणारा, आमच्या विभागानं बसवलेला फोन उरला होता. होंगकाकांना अर्धांगाचा झटका येऊन तोंड वाकडं झालं, आणि हेलिकॉप्टर मागवायला तू दुपारी तीन वाजून सात मिनिटांनी पहिला फोन लावलास, मग लावतच राहिलीस, तो लागेपर्यंत अकरा वेळा, असं तुझं म्हणणं. फोन घेणाऱ्या आमच्या केंद्राच्या नोंदीत मात्र तुझा पहिला फोन तीन सत्तेचाळीसचा आहे. काका वाचले, उजवा हात लुळा पडला. त्यांचा मुलगा सांगत फिरतो की ती चाळीस मिनिटं तू घाबरून कोपऱ्यात बसली होतीस.

तू नेहमी म्हणायचीस, तुझं काम काय ते एकदा माणसाच्या भाषेत सांग. तर ऐक. इंटरनेटवरून फोन लागण्याआधी दोन यंत्रांमध्ये निरोप जातात: कोण, कुणाला, कुठल्या वाटेनं. हे निरोप लांबलचक असतात आणि बेटाची उपग्रहवाट अरुंद. म्हणून दोन्ही यंत्रं आधीचे निरोप लक्षात ठेवतात, आणि पुढच्या वेळी फक्त एवढंच सांगतात की मागच्यासारखंच, अमुक तेवढं वेगळं. बाराशे बाइटचा निरोप नव्वदवर येतो. हे मी केलं. दोन वर्षं लागली. त्याबद्दल मला बक्षीस मिळालं, ते तुला माहीत आहे. तूच मला 'कंजूष बाई' म्हणाली होतीस.

त्या दिवशी दुपारी तीनला देखभालीसाठी केंद्राचं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. त्याची आठवण पुसली गेली. तुझ्या यंत्राला ते कळायला मार्ग नव्हता. ते 'मागच्यासारखंच' म्हणत राहिलं. अशा वेळी केंद्रानं 'समजलं नाही, पूर्ण पाठव' असं उत्तर द्यायचं असतं. ते उत्तर मी बंद करून ठेवलं होतं. चाचणीत, खराब हवामानात, या उत्तरांचाच इतका लोंढा यायचा की वाट तुंबायची. न उलगडलेला निरोप केंद्र गुपचूप टाकून देई, आणि टाकलेल्याची नोंद होत नसे. आठवणीची मुदत मी पहिल्या न लागलेल्या फोनपासून चाळीस मिनिटं ठेवली होती. ती संपल्यावर तुझ्या यंत्रानं आपणहून पूर्ण निरोप पाठवला आणि फोन लागला.

हे मला गेल्या शुक्रवारी सापडलं. किती बाइट आले, हे निरोप उलगडण्याआधीच एक वेगळा मोजक मोजतो. तो कुणी बघत नाही. मी त्याचा आलेख काढला. तीन सातपासून, तीन सत्तेचाळीसला लागलेल्या फोनच्या आधीपर्यंत, अकरा उंचवटे. मी ते तीनदा मोजले.

आलेख घेऊन आमच्या विभागप्रमुखांकडे, सू साहेबांकडे, गेले. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, चहा ओतला, आणि माझं कौतुक केलं. मग म्हणाले, की पुढच्या महिन्यात आणखी सहा बेटांचं काम मिळायचं आहे. दुरुस्ती शांतपणे करू, सुनावणी होऊन जाऊ दे. मी म्हटलं, तिची नोकरी जाईल.

"तू इंजिनिअर आहेस की तिची वकील?"

मी आलेख उचलून बाहेर आले. ती दुरुस्ती त्याच संध्याकाळी केली. तुझ्याकडे आता फोन लागेल.

राहिलं ते हे. तुला खोटं ठरवणाऱ्या अहवालावर विभागाचं नाव आहे. मजकूर माझा आहे. 'या वेळेत बेटावरून एकही फोन आला नाही' हे वाक्य मी लिहिलं, नोंदी उघडून, पाच मिनिटांत, दवाखाना तुझा आहे हे माहीत असताना. तू अकरा म्हणालीस तेव्हा मला वाटलं होतं, घाबरलेलं माणूस आकडा फुगवतं. सुनावणीआधी आलेख बाहेर जाता कामा नये, असं मला बजावलं आहे. तो या पत्रामागे टाचला आहे, खाली माझी सही आणि ओळखपत्राचा क्रमांक. रजिस्टर टपालानं पाठवते आहे, बुधवारच्या बोटीनं पोचेल. माफी मागायला हे लिहिलेलं नाही. ती मागायची तर समोर येऊन मागेन. गुरुवारी समितीपुढे हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखव, लग्नाचं वाक्यसुद्धा गाळू नकोस, म्हणजे कुणी त्यात फेरफार केला असं म्हणणार नाही. माझं नाव झाकू नकोस. समितीला लागेल म्हणून खाली पूर्ण लिहिते.

तुझीच,
त्सेंग युन-रू