गच्चीवरचा भोंगा

प्रिय रिफअत मास्तर,

अक्षर झमझमचं आहे. तीच, तुझ्या नववीच्या वर्गातली, पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारून विचारून तुझं डोकं खाणारी. मी सांगते आणि ती लिहिते. अक्षर वाकडं आलं तर तिला बोल, बाकी जे वाकडं असेल ते माझं. तू रोज फोन करतोस, मी "बरी आहे" म्हणते आणि ठेवून देते, म्हणून तुला वाटत असेल की म्हातारी रुसली. रुसले नाही रे. फोनवर तू मधेच बोलतोस, आणि गोड बोलतोस. कागद मधे बोलत नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी बातम्या. म्हैस व्यायली, पारडी झाली, आईसारखीच हट्टी आहे. कालव्यातला गाळ काढला आणि सगळा आपल्याच दारासमोर टाकला. तुझ्या जागी गणिताला नवीन मास्तर आलाय. बरा आहे, इस्त्रीचा शर्ट घालतो. मार्गदर्शकातलं फळ्यावर उतरवतो, पोरं फळ्यावरचं वहीत उतरवतात, आणि संध्याकाळी तेच पुन्हा शिकवणीला विकत घेतात. कुणाचे हात मळत नाहीत, कुणाचं डोकंही. तू तिकडे वाळवंटात, दाखला नावाच्या गावी, सरकारी कोठारात मोडकी बाकं मोजतोस म्हणे. बाकं मोजायला मास्तर कशाला लागतो, असं मी विचारणार होते. मग आठवलं की हा प्रश्न विचारायचा हक्क सगळ्या गावाला आहे, मला नाही.

तुला तो पिठाचा दिवस आठवतो? एकतीस पोरं घेऊन तू माझ्या अंगणात आलास. मी उन्हात भाकरीचं आंबवलेलं पीठ फुगायला ठेवलं होतं, आणि तू प्रत्येक गोळ्याशेजारी काडी रोवलीस. दर पाव तासाने पोरांनी गोळा किती वर आला ते मोजायचं आणि भिंतीवर कोळशाने रेघ काढायची. अर्धे गोळे उन्हात, अर्धे सावलीत. मी म्हटलं, "मास्तर, पन्नास वर्षं मी हे डोळ्यांनी करते, तुला काड्या लागतात?" तर तू म्हणालास, "आजी, तुझे डोळे मला यांच्या वहीत घालायचेत." शेवटी मी भट्टी पेटवली आणि पोरांनी सगळा अभ्यास खाऊन टाकला. कोळशाच्या रेघा अजून भिंतीवर आहेत. चुना द्यायला माणूस आला होता, मी परत पाठवला.

मी हसत होते, पण गाव वेगळं हसत होतं. साबिर, तो लग्नाचे मांडव बांधणारा, माझ्या ओट्यावर बसून म्हणायचा, "नबवीया काकी, तुझा नातू पोरांना सावल्या मोजायला शिकवतो. परीक्षेत सावली विचारणार आहेत का?" त्याची बायको म्हणायची, पीठ मळायला शिकायचं तर शाळा कशाला, आम्ही आहोत की. मी त्यांना चोख उत्तर द्यायचे, तुला माहीत आहे माझी जीभ. पण ती माणसं उठून गेली की मला धाकधूक वाटायची. सोहाग शहरात सूर्यावर चालणाऱ्या विजेच्या पाट्यांची नवी तंत्रशाळा निघाली, तिथे गणित आणि विज्ञानाचे गुण बघून पोरं घेतात, तीन वर्षं शिकवतात आणि कारखान्यात कामाला लावतात. हे तूच घरोघर जाऊन सांगत होतास. पोरी चालतील म्हणालास, झमझमच्या बापाच्या तर पायाच पडलास. आणि निरीक्षक येऊन सांगून गेला होता की या खेपेला निकाल खाली आला तर हे काड्यांचे चाळे बंद. मला वाटलं, पोरं नापास झाली तर माझ्या रिफअतला हे लोक जन्मभर हसतील.

आता ऐक. नववीच्या सरकारी परीक्षेत गणिताच्या पेपरच्या दिवशी तू दुसऱ्या गावच्या शाळेत पहाऱ्याला होतास. पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली नसतील, तोच साबिर तिघाचौघांना घेऊन धावत आला. मोबाईलवर पेपरचा फोटो होता, बाजारगावातला एक शिकवणीवाला तिकडून उत्तरं सांगणार होता. शाळेच्या खिडक्यांसमोर एकच गच्ची, आपली. "काकी, भोंगा आणलाय, फक्त जिना उघड. आपलीच पोरं आहेत, आणि नाव रिफअतचंच होणार." तू समजत असशील त्यांनी जबरदस्ती केली. नाही. मी गळ्यातली किल्ली काढली आणि स्वतः कुलूप उघडलं. प्लग कुठे आहे ते दाखवलं. वर चहासुद्धा पाठवला. हेही लिही, झमझम. चहाचंही लिही.

अर्धा तास साबिर ओरडत होता, पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न, लग्नात नवरदेवाचं नाव पुकारतो तसा. मी खाली बसून ऐकत होते आणि खूश होते. बाजारातल्या बायका थांबून बघत होत्या. मग पोलिसांची गाडी आली, सगळे गच्चीवरून मागच्या गल्लीत उतरले, आणि पंधरा दिवसांनी आपल्या पोरांच्या खोलीतले सगळे पेपर रद्द झाले. पुन्हा परीक्षा झाली ती पास होण्यापुरती. तंत्रशाळेची यादी तोवर लागून गेली होती. त्यात आपल्या गावाचं एकही नाव नव्हतं.

इथवर तुला ठाऊक आहे, किंवा तू ओळखलं असशील. पुढचं मी गावात कुणालाच सांगितलेलं नाही. चौकशीला दोन साहेब आले, माझ्याच चटईवर बसले. मोठा म्हणाला, "आजी, गच्ची ज्याने दिली त्याला तुरुंग आहे. जिन्याला कुलूप असतं ना? किल्ली कुणाकडे असते?" किल्ली तेव्हाही गळ्यातच होती, झग्याखाली, छातीला टोचत होती. मी म्हटलं, "नातवाकडे." त्याने लिहिलं, वाचून दाखवलं, विचारलं, "बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर," आणि अंगठा दिला.

इथे झमझमने लेखणी खाली ठेवली. भिंतीकडे बघत बसली. मी तिला म्हटलं, उठून जायचं असेल तर जा, माझी काही तक्रार नाही. तिने लेखणी पुन्हा उचलली. म्हणाली, "सांगा पुढे, नबवीया आजी." तर सांगते.

वर्षभर मी स्वतःची समजूत घातली की तू सरकारी माणूस आहेस, तुला दोन शब्द बोलतील आणि सोडतील. साबिरची पोरं लहान आहेत. मी गेले तर म्हशीला कोण बघणार. म्हशीची ढाल करून बसणारी बाई तू कधी पाहिलीस का? खरं एवढंच की मी घाबरले. आणि तू? ती किल्ली कुणाकडे असते ते तुला लहानपणापासून माहीत. पतंग उडवायला जिना उघड म्हणून माझ्या मानेला लोंबकळायचास. तुला कागद वाचून दाखवला तेव्हा तू म्हणालास, "घर माझं, जबाबदारी माझी." घरी येऊन मला एक शब्द विचारला नाहीस. बदलीचा हुकूम आला, पिशवी भरलीस, माझ्या कपाळाला ओठ लावलेस आणि म्हणालास, "औषध वेळेवर घे." तू ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

तरीही मी गप्पच राहिले असते. पण महिन्यापूर्वी झमझम अंड्यांसाठी आली होती. आता ती गावातल्या वाणिज्य शाळेत टायपिंग शिकते, विजेच्या तारांऐवजी पत्रांचे मायने. मी तिला सहज म्हटलं, पेपर अवघडच होता ना गं? ती म्हणाली, "नव्हता आजी. सगळं सरांनी करून घेतलेलं होतं." एका प्रश्नात खजुरीच्या झाडाची उंची काढायची होती. दीड मीटरच्या काठीची सावली एक मीटर, झाडाची सावली बारा मीटर. तू त्यांना कालव्याकाठच्या खजुरीपाशी नेऊन हेच शिकवलं होतंस. खोलीतल्या सगळ्यांनी अठरा लिहिलं होतं. मग माझ्या गच्चीवरून आवाज आला, "बारा! बारा मीटर!" त्या शिकवणीवाल्याने घाईत सावलीच सांगितली होती. आणि एकतीसच्या एकतीस पोरांनी अठरा खोडून बारा लिहिलं. सगळ्यांनी भोंगा ऐकून लिहिलं हे साहेबांनी ओळखलं ते त्या एकतीस खाडाखोडींवरूनच. मी विचारलं, "तूसुद्धा?" झमझम म्हणाली, "मीसुद्धा. मला वाटलं, एवढी मोठी माणसं एवढ्या जोरात सांगतायत म्हणजे सरच चुकले असतील."

त्या दिवसापासून मला तोंडात घास घेववत नाही. मी इतके दिवस समजत होते की मी पोरांना मदत करायला गेले आणि नशीब आडवं आलं. नशीब कुठलं आलंय, बाळा. त्यांना येत होतं. तू शिकवलेलं होतंस. ज्या अंगणात मी हसत हसत पीठ मोजू दिलं, तिथेच बसून मी मनात धरून होते की माझ्या नातवाला काही शिकवता येत नाही. साबिर तरी तोंडावर बोलायचा.

म्हणून सोमवारी मी एकटी टेम्पोत बसून सोहागच्या शिक्षण कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "हज्जा, तुमच्या नातवाने कबूल केलंय, फाईल बंद झाली." मी म्हटलं, "मी हजला गेलेली नाही, आणि फाईल बंद झाली असेल तर उघड. गच्ची मी उघडली, तुला फाईल उघडता येत नाही?" दुपारपर्यंत त्याच्या दाराशी बसले, तेव्हा कुठे नवा जबाब घेतला. या वेळी दोनदा वाचायला लावला, मग अंगठा दिला. पुढच्या रविवारी ते तुला बोलावणार आहेत. हे पत्र त्यासाठी आहे. मी तुला ओळखते, तू जाऊन सांगशील की आजी ऐंशी वर्षांची आहे, तिला भ्रम होतो, तिचं मनावर घेऊ नका. असं बोललास तर मला तुरुंगात जाण्यापेक्षा जास्त लाज वाटेल. मला काही झालंच तर म्हशीला झमझमची आई बघेल, मी विचारून ठेवलंय. झमझमचं वर्ष परत येणार नाही, ते मी तिच्या तोंडावर सांगितलं. पण नववीत आता अठ्ठावीस नवी पोरं बसली आहेत आणि फळ्यावरचं वहीत उतरवतायत. तेव्हा साहेब विचारतील की गच्ची कुणी दिली, तर माझी दया येऊ देऊ नकोस. माझं नाव सांग, माझ्या बापाच्या नावासकट, आणि ते नीट लिहितात की नाही ते वाचून बघ. मला वाचता येत नाही.

तुझीच आजी,
नबवीया अब्दुलआल