दुपारचा खड्डा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

"ह्याला कुणी कळवलं?"

किती वर्षं झाली या वाक्याला! बाबा अंथरुणाला खिळलेले, धाकटा भाऊ दारात उभा — हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती — आणि आईने त्याच्याकडे न बघता मला विचारलं होतं. लांबची चांगली नोकरी सोडून आला होता तो. मीच कळवलं होतं. बाबा गेले, धाकटा राहिला. तसलं काम पुन्हा मिळेपर्यंत लोकांच्या गळक्या गच्च्या तपासत फिरला. बोगदे खणणारा इंजिनियर! आई ते विसरलेली नाही.

आज ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. बसवणारा माणूस जिना उतरतोय तोच आईने माझं मनगट धरलं.

"धाकट्याला एक अक्षर कळवायचं नाही. माझी शपथ आहे."

"मी शपथा मानत नाही."

"मी मानते ना!"



बुधवार, ५ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंना एकटीच भेटून आले. आईची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. "बरं होण्यातलं नाही. सांभाळण्यातलं आहे." मशीन झोपेत हवं, जेवताना हवं. बोलताना तर हवंच, कारण बोलण्यातच जास्त दम जातो. मी उठले तेव्हा चष्मा पुसत म्हणाल्या, "लांब कुणी असेल तर भेटून जायला सांगा. घाबरू नका, पण फार उशीरही नको."

लांब एकच आहे.

घरी येऊन आईला म्हटलं, धाकट्याला नुसतं भेटायला ये म्हणू का? "नुसतं भेटायला कोण येतं गं? आला की मला बघेल, आणि बघितलं की जायचा नाही. मागच्या वेळी तेच झालं." मग भिंतीकडे तोंड.

मशीन उंचीला खाटेशेजारच्या कपाटाएवढं आहे. सुस्कारा टाकतं, थांबतं, पुन्हा सुस्कारा. आई म्हणाली, "चला, धापा टाकणारी मी एकटी नाही आता घरात!"

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ऑफिसातला जुना यूपीएस मागून घेतला. साहेब म्हणाले, न्या, तेवढीच जागा मोकळी होईल. नवी बॅटरी घातली. आता वीज गेली तरी आईचं मशीन चालेल. त्यावर ते आणि राउटर, दोनच गोष्टी.

यूपीएसला नेटवर्कचं कार्ड आहे. म्हणजे त्याला एसएनएमपीने, यंत्रांच्या भाषेत, विचारता येतं. आयुष्यभर ऑफिसातल्या यंत्रांना हेच तर विचारत आले! दर मिनिटाला जायचं, "कसं काय?" म्हणायचं. यंत्र एक आकडा सांगतं, सॉफ्टवेअर त्याचा ठिपका काढतं, ठिपक्यांची रेघ होते. यंत्रं खोटं बोलत नाहीत. आईला विचारलं तर "बरंय". काल बरंय, आज बरंय, ओठ निळसर पडले तरी बरंय.

तर यूपीएसलाच विचारायचं. घरच्या जुन्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चढवलं, आलेख ऑफिसातून फोनवर दिसेल अशी सोय केली. कार्ड शेकडो आकडे द्यायला तयार आहे — व्होल्टेज, तापमान, बॅटरी. मला एकच हवाय. लोड. यूपीएसवर भार किती टक्के. भार आहे म्हणजे मशीन चालू आहे. मशीन चालू आहे म्हणजे — पुढचं लिहायला नको.

सोमवार, १० नोव्हेंबर

दिवसभर रेघ तळाला! शून्य. आईला फोन केला तर, "अगं चालू आहे, फोन मशीनपाशी धरू का?" आणि खरंच सुस्कारे ऐकू आले.

शेजारच्या टेबलावरचा, ज्याला आम्ही सगळे घड्याळ म्हणतो (सुटायच्या ठोक्याला उठतो म्हणून), डोकावला. "मॅडम, एका आकड्यासाठी एवढं सॉफ्टवेअर? मुंगी मारायला तोफ!" मग जरा वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. मी आकड्याचा प्रकार 'काउंटर' निवडला होता. म्हणजे विजेच्या मीटरसारखा वाढत जाणारा आकडा. सॉफ्टवेअर नव्यातून जुना वजा करतं आणि फरक तेवढा काढतं. भार सारखा छत्तीस टक्के; छत्तिसातून छत्तीस गेले, उरलं शून्य. मशीन अगदी नीट चालू होतं म्हणूनच रेघ तळाला!

नवशिकी मुलं करतात ही चूक. मी करावी? घड्याळ म्हणाला, "घरचं माणूस असलं की डॉक्टरपण स्वतः औषध देत नाहीत म्हणे." चेष्टा केली नाही. सुटायची वेळ होऊन गेली होती तरी बसून राहिला होता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रकार बदलला. रेघ छत्तिसावर येऊन बसली. किती देखणी दिसते!

पण दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर एकदम खाली गेली. जवळजवळ तळाला. थोड्या वेळाने परत वर. वीज गेली असेल म्हणावं तर यूपीएसने तशी नोंद केलेली नाही.

संध्याकाळी आईला विचारलं, मशीन बंद पडलं होतं का मध्ये? "छे! चालूच होतं की." माझ्या डोळ्यांत बघून.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रोज. त्याच सुमाराला खड्डा. आजचा कालच्यापेक्षा रुंद.

सोमवार, १७ नोव्हेंबर

काल खड्डा पडला नाही. काल मी घरी होते म्हणून, असं आधी वाटलं. पण परवा, शनिवारी, मी घरी असतानाही पडला होता. आईने मला दुपारी केमिस्टकडे पिटाळलं होतं, तेव्हा. रविवारी कुठे पिटाळलं नाही. रविवारी सुट्टी कुणाला असते? मशीनला नसते. आईच्या फुप्फुसांनाही नसते.

उद्या दुपारी न सांगता घरी जाणार.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गेले. किल्लीने दार उघडलं. घरात मशीनचा सुस्कारा नाही.

आई खाटेच्या कडेवर बसलेली. मशीन बंद. नळी खिडकीच्या कडीला टांगलेली. एका हातात फोन, दुसऱ्याने गादीची कड घट्ट धरलेली. पाठीची हाडं वरखाली होत होती.

"हो." श्वास. "जेवले." श्वास. "तू?" मग बराच वेळ ऐकत राहिली. डोळे मिटून, ओठ गोल करून, श्वासाचा आवाज होऊ न देता. "बरंय." श्वास. "ठेव मग." श्वास. "काम कर."

धाकटा. रोज दुपारी बोगद्यातून वर आला की फोन करतो. रविवारी झोप काढतो.

मी धावत जाऊन मशीन लावलं, नळी नाकाला अडकवली. ओठांना रंग यायला किती वेळ लागला! मग एकदम तिच्या लक्षात आलं.

"तू कशी आलीस? तुला कसं कळलं?"

सांगितलं. यूपीएस, लोड, रेघ, खड्डा. ऐकत गेली तशा भुवया चढत गेल्या.

"म्हणजे ऑफिसात बसून माझ्या नाकातली नळी बघतेस? सासूने कधी एवढी पाळत ठेवली नव्हती माझ्यावर!"

"नळी नाही आई, लोड."

"लोडच झालेय मी."

मी रडले. मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कारण सांगितलं. मशीन आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकट्याने विचारलं होतं, आई, मागे काय वाजतंय? "मी म्हटलं, मिक्सर. पण रोज रोज काय मिक्सर लावणार? सगळ्या गल्लीला पुरेल एवढी चटणी झाली असती."

हसू आलं आम्हा दोघींना. हसताना तिला खोकला आला.

"एक फोन आहे गं माझा दिवसातला. तो तरी घेऊ दे."

बुधवार, १९ नोव्हेंबर

फोन बंद कर म्हणवत नाही. धाकट्याला सांगवत नाही. नळीशिवाय बोलू देववत नाही. दिवसभर नुसती आलेखाकडे बघत बसले. खड्डा पडला तेव्हा मीही श्वास धरून ठेवला. मूर्खपणा!

गुरुवार, २० नोव्हेंबर

सुचलं! इतकं सोपं होतं. मशीन खाटेशेजारीच कशाला हवं? नळी लांब घ्यायची आणि मशीन मागच्या अडगळीच्या खोलीत ठेवायचं. मशीन देणाऱ्याला विचारलं. म्हणाला, इतपत लांबी चालते, फक्त नळी कुठे दुमडू देऊ नका.

घड्याळाला सोबत नेलं. त्याने दाराच्या खालच्या कोपऱ्याला खाच पाडली, नळीपुरती. जुनी गोधडी दारावर ठोकली. आई खाटेवरून हुकूम सोडत होती, "अहो, खिळा वाकडा जातोय!" घड्याळ मला हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्या आईसाहेबांना ऑफिसात आणा. सगळे सरळ होतील."

दार लावलं. कान देऊन ऐकलं. काही नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सलग दुसरी दुपार, खड्डा नाही! रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी.

मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. आई नाकाला नळी लावून धाकट्याशी बोलत होती. पूर्ण वाक्यं! लहानपणी तो पाण्याच्या टाकीत लपला होता आणि सगळी गल्ली शोधत होती, ती गोष्ट सांगत होती. सगळी सांगितली, शेवटच्या धपाट्यापर्यंत. पलीकडे तो हसत असणार, कारण ती मध्ये थांबत होती. धाप लागून नव्हे, त्याला हसायला वेळ देत.

हातातलं पातेलं तसंच घेऊन उभी राहिले.

सोमवार, २४ नोव्हेंबर

घड्याळ म्हणाला, "नुसती सरळ रेघ बघून हसणारं माणूस मी आजवर बघितलं नव्हतं."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन वाढवायला सांगितला. वाढवला. रेघ तितकीच सरळ, पण आता जरा वर बसली आहे. छोट्या पायरीसारखी दिसते ती जागा. कुणा परक्याला दाखवली तर कळणारही नाही.

"लांबचं माणूस येऊन गेलं का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. औषधाचंच असावं.

रिक्षात आईला पुन्हा विचारलं. "आता तू छान बोलतेस त्याच्याशी. आता तरी सांगू दे मला." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "छान बोलते म्हणूनच नको." जिना चढताना दोनदा बसली. दुसऱ्यांदा मीही तिच्या शेजारी पायरीवर बसले. वरचे शेजारी उतरत होते, त्यांना म्हणाली, "या, बसा, गप्पा मारायला बसलोय!"

सोमवार, १ डिसेंबर

आज आईने त्याला पुलाव कसा करायचा ते शिकवलं. फोनवर! अर्धा वेळ तो पलीकडे कांदाच शोधत होता.

मंगळवार, २ डिसेंबर

धाकट्याचा फोन, ऑफिसात, मला. आवाजात केवढा आनंद! "ताई, आता सांगतो. मध्यंतरी आईचा आवाज ऐकून माझं धाबं दणाणलं होतं. दोन शब्द बोलायची की गप्प. वाटलं, तुम्ही दोघी काहीतरी लपवताय. रजा घेतली होती, तिकीटही काढलं होतं, न सांगता येणार होतो. पण हल्ली काय बोलते गं! ठणठणीत! म्हटलं, आपणच येडे. काल तिकीट रद्द केलं. पुढच्या बोगद्यासाठी सही केली. दोन वर्षं."



तो येणार होता. मी दाराला गोधडी ठोकली.

उद्या रजा घेतली आहे. त्याच्या फोनच्या आधी आईपुढे हात जोडणार. नळी काढू नकोस, मनसोक्त बोल, मी तोंडातून एक शब्द काढणार नाही. फक्त मशीन मला पुन्हा तुझ्या खाटेशी आणू दे. त्याला ते ऐकू दे.