संत्र्याच्या सालींची खोली आणि दुसरी किल्ली

मी, रुपराव गणपतराव बावणे, वय एकाहत्तर, राहणार सक्करदरा, नागपूर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र लिहीत आहे. भुलवायला बरेच येऊन गेले. त्यांना चहा पाजून परत पाठवले.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते मुलगा सौरव याला मिळावे. मागच्या अंगणातली खोली मात्र त्याने पाडू नये. तिथे गाडी लावायचा त्याचा विचार आहे, हे मी त्याला फोनवर बोलताना ऐकले आहे.

२. पुतण्या विक्की याला माझी सायकल. बुटीबोरीच्या गिरणीतून निवृत्त झाल्यावर मी याच सायकलवर ज्यूसवाल्यांनी फेकलेल्या संत्र्याच्या साली आणायचो. साली, गूळ आणि पाणी पिंपात मुरवले की फरशी पुसायचे उत्तम पाणी होते, हा माझा नाद. तेव्हा विक्की मला चारचौघांत 'कचरेवाले काका' म्हणायचा. आता हॉटेलवाले तेच पाणी मागून विकत नेतात, तर हा दर रविवारी पाया पडायला येतो. "काका, मलेबी शिकवून ठेवा ना थे." त्याने सायकल चालवावी, आपोआप शिकेल.

३. आता पिंपे. मुरताना आत वायू धरतो. रोज सकाळी झाकण सैल करून तो सोडावा लागतो, नाहीतर पिंप फुटते. किल्ली माझ्या करदोड्याला असते आणि खोलीत कोणी पाय ठेवायचा नाही, असे मी सगळ्यांना बजावले आहे. गेल्या डिसेंबरात मला अचानक आठवडाभर दवाखान्यात ठेवले. पिंपे फुटणार म्हणून जीव तळमळत होता, पण कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर किल्ली द्यावी लागली असती.

घरी येऊन पाहतो तर एकही पिंप फुटलेले नाही. म्हणजे कोणीतरी दुसरी किल्ली करून घेतली होती. माझे डोके फिरले. सौरवला त्या वासानेच शिंका येतात. विक्कीने पिंपे भरलेली ठेवली नसती. मग झाकणांवर दोरीने बांधलेली फडकी पाहिली. मी दोरीला दुहेरी गाठ मारतो. इथे दोरी पिळून टोक आत खोवलेले होते, धानाच्या पेंढ्या बांधतात तसे. आमच्या घरात धानाच्या मुलखातली, कुहीकडची एकच आहे, सून रितिका.

तिला विचारले. भाकर थापता थापता म्हणाली, "मले का माहीत, बाबा? निंगली असन हवा आपोआप."

धडधडीत खोटे बोलली. सबब सर्व पिंपे, गाळण्या, मागची खोली आणि या कामाचे सर्व उत्पन्न एकट्या रितिकाचे. सौरव किंवा विक्की यांचा त्यावर हक्क नाही.

ती किल्ली तिने कधी आणि कशी करून घेतली, हे मला अजून कळलेले नाही आणि ते मला फार खुपते. तरी मी कुलूप बदललेले नाही.

ठिकाण : सक्करदरा, नागपूर
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२६
सही : रु. ग. बावणे

साक्षीदार :
१. डॉ. मधुवंती घाटे (मी शुद्धीवर असल्याचे यांनी तपासले आहे.)
२. धोंडबा निखारे, ज्यूसवाले (साली यांच्याच.)