द्वारकेला घ्यायला ये

वल्लरी,

गाडी जड चालते, ॲव्हरेज पडलं, यात तुझ्या हाताचा काहीही दोष नाही. दोष माझा आहे. मागच्या महिन्यात तू माहेरी येवल्याला गेलीस, तेव्हा मी ऑइल दोन बोटांत चोळून पाहिलं, तर पाण्यासारखं पातळ! एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होतो, जाडच ओतत आलो. म्हणून तुझ्या गाडीतही वीस-पन्नास नंबरचं जाड तेल भरायला लावलं. गॅरेजवाला नको म्हणत होता. त्यालाच मी चार गोष्टी सुनावल्या.

काल चष्मा लावून गाडीचं पुस्तक वाचलं. झिरो-ट्वेंटी, म्हणजे पातळच तेल हवं. नव्या इंजिनातल्या फटी इतक्या बारीक, की जाड तेल तिथे पोचेपर्यंत इंजिन कण्हत राहतं. आज तू सिटी बसने ऑफिसला गेल्यावर लगेच बदलून आणलं. सुरू करून बघ, आवाजसुद्धा येत नाही.

नवरा असून शेखर तुझ्या गाडी चालवण्याला हसत होता, तेव्हा मी वरण ओरपत गप्प बसलो. तू किल्ली खुंटीला टांगलीस, ती टांगलीसच. सासऱ्याला हे शोभलं नाही. आज रात्री जेवताना त्याला सगळं सांगतो, तुझ्यासमोर.

उरलेलं जाड तेल फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलंय. तिथे झकास चाललं.

मी मनमाडला जुन्या सोबत्याकडे चाललोय. परत येताना संध्याकाळी सातला द्वारका चौकात उतरेन. शेखरला पाठवू नकोस, तूच गाडी घेऊन ये. मी शेजारी बसेन आणि माझ्या बाजूला नसलेला ब्रेक अजिबात दाबणार नाही.

बाबा